सहाच्या आत

करावे गावातून निघालो तेव्हा साडेसात झाले होते.
बाबा पुढच्या सीटवर. मांडीवर ती वही,
जिच्यात एकतीस वर्षांची बंदरं
तारीख, वेळ, किती टन माल, अशी.

किंग्स्टन तीनदा आहे वहीत.
तिन्ही मिळून साडेचौदा तास.
'जमैका कसं आहे हो, तांडेल?' कुणी विचारलं तर म्हणायचे,
'क्रेनी आहेत. गेटावर एक पिवळा कुत्रा.
ऊन आपल्यासारखंच.'
त्यांचं बेट गेटाशी संपायचं.
पास सहापर्यंतचा. पाचलाच पाय मागे वळायचे.

बाकीचं बेट त्यांना डेझमंडने दिलं,
बारा ते चारच्या पाळीत, इंजिनाच्या आवाजावर ओरडत:
पोरस. क्रिस्टियाना. स्पॉल्डिंग्ज. फ्रँकफील्ड.
समुद्रापासून आत, डोंगरावर,
जिथे त्याच्या आईला बोट म्हणजे काय ते
परातीत पान सोडून दाखवावं लागलं होतं.

शिळफाटा, कल्याण, शहाड.
रायत्याच्या पुलावर बाबांनी काच खाली केली.
'उल्हास हीच का?' त्यांनी विचारलं.
ह्या माणसाने पनामा सतरा वेळा ओलांडलाय.
सात समुद्र झाले, मुरबाड राहिलं.
आपलाच जिल्हा. कुणाची सोयरीक तिकडे नाही,
मग कशाला जायचं.

मुरबाडच्या अलीकडे हातगाड्या लागल्या तशी
ते म्हणाले, 'हे पोरस.'
'कशावरून?'
'चढण लागायच्या आधी रस्त्यावर संत्री विकतात, म्हणायचा.'
'इथे भेंडी आहे, बाबा.'
'चालंल.'

सरळगावच्या नाक्यावर वडापाव.
एका दुकानात घोंगड्या, पाइप आणि लग्नाचे फेटे एकत्र.
म्हशाच्या जत्रेला अजून महिना होता,
पण एक जण आत्तापासूनच बैलाची शिंगं रंगवत बसला होता,
एक निळं झालेलं, दुसरं बाकी.
बाबा त्या बाकी शिंगाकडे बराच वेळ बघत राहिले.
हे कुठलं गाव, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

पुढे टोकावडं.
माळशेजला जायचं का, धबधब्याच्या जागा दाखवते,
तर म्हणाले, नको. तिकडे सगळे जातात.

रस्त्याकडेला एक ठाकर बाई,
समोर गोणपाटावर काळपट, खरबरीत, वेडेवाकडे गोळे.
'काय ते?'
'करांदं.'
बाबा खाली बसले. गुडघे वाजले.
एक उचलून नखाने साल खरवडली. आत पिवळं.
'वेलाला लागतं ना?'
'मग काय झाडाला?' बाई म्हणाली.
'कडू असतं. राख घालून उकडायचं. पाणी दोनदा फेकायचं.'

डेझमंडच्या बापाचा जन्म अशाच एका वेलामागे गेला होता.
उतारावर मातीचे ढीग, ढिगात काठी,
काठीवर वेल. जहाजावर बटाटा बघून तो रडायचा,
म्हणजे रडायचा नाही, शिव्या द्यायचा.
हे सगळं बाबा त्या बाईला सांगत होते,
मला कधीच सांगितलं नव्हतं.
ती म्हणाली, 'मंग त्याला घेऊन यायचं ना.'
बाबांनी दोन किलो घेतले.
पत्ता वहीत नाही. फक्त जहाजाचं नाव आहे,
आणि ते जहाज भंगारात गेलं.

परतताना मुरबाडच्या पुढे टायर बसलं.
जॅक लावायला त्यांनी मला हात लावू दिला नाही,
पण नटबोल्ट गंजलेले, आणि वय बहात्तर.
पाच वाजले. मग साडेपाच.
ते घड्याळाकडे बघायला लागले, दर मिनिटाला,
मान न हलवता, नुसते डोळे.
'बाबा, कुणी थांबलंय का आपल्यासाठी?'
'जहाज थांबत नाय.'

सहा वाजले.
समोर एका घरावर सौर दिवा पेटला.
कुणीतरी कोंबड्या झाकल्या.
सहा वाजून चार मिनिटं.
बाबांनी स्टेपनीवर बूड टेकलं,
पिशवीतून एक करांदा काढला, हुंगला,
आणि म्हणाले, 'हे बघ, आता आपण आत आलो.'